वाईला राहायला येताय? पहिल्या वर्षाची तयारी

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून वाईला बिऱ्हाड हलवलं. नवरा, चौथीतली मुलगी, सासूबाई आणि मी. तोवर वाई आम्हाला माहीत होती ती ढोल्या गणपतीपुरती, मेणवलीच्या घाटापुरती आणि पाचगणीला जाताना वाटेत घेतलेल्या चहापुरती. राहायला आल्यावर वेगळेच प्रश्न समोर आले. नळाला पाणी किती वाजता येतं? गॅस कुणाकडे नोंदवायचा? रात्री मुलीला ताप चढला तर कुणाचं दार वाजवायचं? हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विचारत, चुकत, दोनदा पैसे घालवत शिकलो.

आता ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "आम्हीही तिकडे यायचं म्हणतोय, कसं काय करायचं?" कुणी निवृत्त झालेलं असतं, कुणाला घरून काम करायची मुभा मिळालेली असते. प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते. वाईचं लिहिते, कारण मला तेच ठाऊक आहे. पण फलटण, भोर, चिपळूण, कुठल्याही तालुक्याच्या गावी जाणार असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनावर घ्या. पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा, आणि ते वर्ष पावसाळ्यापासून सुरू करा. डिसेंबरात थंडी आणि स्ट्रॉबेरी बघून घर ठरवू नका.

१. नकाशा पायाखाली घाला

वाई कृष्णेच्या काठावर वसलेली आहे. जुनं गाव आळ्यांचं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी, आणि प्रत्येकीचा आपापला घाट. पत्ता सांगताना इथे अजूनही आधी आळी सांगतात, मग घर कुणाचं ते. त्यापलीकडे नव्या कॉलन्या आणि अपार्टमेंट, आणि त्याला चिकटून आजूबाजूची गावं. नगरपालिकेची हद्द कुठे संपली आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली हे रस्त्यावरून चालताना कळत नाही, पण फरक मोठा पडतो. घरपट्टी, पाणी, घंटागाडी, दाखले, सगळं त्यावर ठरतं. घर बघायला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: "हे नगरपालिकेत येतं की ग्रामपंचायतीत?"

अंतरंही लक्षात ठेवा. पुणं साधारण ९० किलोमीटर, सातारा ३५, पाचगणी पसरणी घाट चढून १२-१३. मोठ्या कामाला सातारा, त्याहून मोठ्या कामाला पुणं, अशी इथल्या लोकांची सरळ विभागणी आहे.

निदान दोनदा, आठवड्यातल्या मधल्या वारी येऊन राहा. शनिवार-रविवारची वाई पर्यटकांची असते. मंगळवारी दुपारी दोन वाजता दुकानांची दारं अर्धी ओढलेली असतात, रस्त्यावर एखादी रिक्षा असते. त्या वेळेला तुम्हाला करमतंय का ते बघा.

२. घर शोधा, पण नदीला विचारून

मोबाइलवरच्या जाहिरातींत इथली चांगली घरं फारशी येत नाहीत. ती दूधवाल्याला, किराणावाल्याला, शाळेतल्या शिक्षकांना आणि इस्त्रीवाल्याला माहीत असतात. चार दिवस राहून सकाळी चालत फिरा आणि विचारा. "कुठले तुम्ही, किती माणसं, काय करता" हे उलट विचारलं जाईल. मोकळेपणाने सांगा. घरमालक त्यावरच घर द्यायचं की नाही हे ठरवतो.

आमची मोठी चूक इथेच झाली. घाटाजवळच्या एका आळीत जुन्या वाड्याचा तळमजला मिळाला. दगडी जोतं, लाकडी खांब, मागे परसात तगर आणि पारिजातक. मालक म्हणाले, "पाणी इथवर येत नाही." आम्ही विश्वास ठेवला. दोन महिन्यांत ऑगस्ट आला. धोम धरणातून विसर्ग वाढवल्याची घोषणा करत गाडी फिरली. आमच्या लेखी ती रोजच्या घोषणांसारखीच एक. शेजारच्या आजी मात्र तशाच पावसात आल्या, माझा हात धरून मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या आणि चुन्याखाली दबलेला एक मळकट पट्टा दाखवला. माझ्या कमरेइतक्या उंचीवर. "मालकाला काय इचारतीस, भितीला इचार," म्हणाल्या. त्या रात्री आम्ही धान्याचे डबे, पुस्तकं, गाद्या, सासूबाईंची औषधं, सगळं माळ्यावर चढवलं. सकाळी घाट दिसेनासे झाले होते. पाणी आमच्या दारापासून तीन पायऱ्यांवर येऊन थांबलं आणि दोन दिवसांनी ओसरलं. नशीब म्हणायचं.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. त्याची मागची भिंत नीट बघा. नदीच्या वरच्या अंगाला ती माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वी देऊळ बांधणाऱ्यांनी पूर गृहीत धरला होता. घर बघताना आपणही धरला पाहिजे.

म्हणून घर ठरवण्याआधी एवढं करा:

- नगरपालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात निळी (जास्त वेळा येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा विचारा. घर कुठल्या रेषेच्या आत येतं ते समजून घ्या.
- दोन जुन्या शेजाऱ्यांना वेगवेगळं गाठून "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" असं थेट विचारा. "पाणी येतं का?" असं विचारलं तर नळाच्या पाण्याचं उत्तर मिळेल.
- पश्चिमेची भिंत हाताने चाचपून बघा. ओल असेल तर पावसाळ्यात कपड्यांना बुरशी लागेल. वाईला महाबळेश्वरासारखा धो धो पाऊस नाही, पण भुरभूर आणि दमट हवा दिवसेंदिवस टिकते.
- छप्पर कौलारू असेल तर कौलं शेवटची कधी चाळली ते विचारा, आणि यंदा मे महिन्यात चाळून देणार का हेही.
- संडास भुयारी गटाराला जोडलाय की मैल्याची टाकी आहे, टाकी कधी उपसली?
- घरात प्रत्येक खोलीत उभं राहून फोन लावून बघा. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात रेंज जाते.

३. भाडेकरार नोंदवूनच घ्या

"आपल्यात कशाला कागद?" असं प्रेमाने म्हटलं जाईल. माणूस खरोखर चांगला असेल. तरीही लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पण गरज तुम्हाला जास्त आहे, कारण पुढची सगळी पत्त्याची कामं त्याच कागदावर होतात.

खर्च फार नाही. एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरचं १० टक्के दराने धरलेलं वार्षिक व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. दहा हजार भाडं, वीस हजार अनामत, अकरा महिने, असा हिशेब केला तर तीनशे रुपयांच्या आत बसतं. वर नोंदणी फी, नगरपालिका हद्दीत हजार आणि ग्रामीण भागात पाचशे. एजंटची फी वेगळी. तो अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, सगळं ऑनलाइन होतं.

लागणारी कागदं: दोघांची आधार आणि पॅन कार्डं, दोन साक्षीदार आधारसह, घराचं ताजं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. करार झाला की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली गेली का ते मालकाला विचारून खात्री करा.

सापळा एक: वीजबिल मालकाच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं आणि ते हयात नसतात. जुन्या घरांत हे सर्रास आहे. घराचा खरा मालक कोण, भावाभावांत वाटणी झाली आहे का, हे करार करणाऱ्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने एका भावाशी करार केला आणि दिवाळीत दुसरा भाऊ भाडं मागायला दारात उभा राहिला.

४. पत्ता बदलण्याची कामं एका ओळीत लावा

क्रम चुकला की हेलपाटे वाढतात. आम्ही गॅसपासून सुरुवात केली आणि तीन आठवडे इंडक्शनवर स्वयंपाक केला. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा नोंदणीकृत करार. त्यावर आधारचा पत्ता बदला, ते ऑनलाइन होतं. आधार बदललं की बँक, विमा, वाहनाची कागदपत्रं सोपी जातात. गॅससाठी जुन्या गावाहून निघण्याआधीच एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्या आणि तो सांभाळून आणा. गॅसचं पुस्तक विसरू नका. मतदारयादीतलं नाव हलवायला नमुना ८ भरा. रेशनकार्ड असेल तर ते तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत.

एका जाड फोल्डरमध्ये या गोष्टी कायम तयार ठेवा: करार, आधारच्या पाच-सहा झेरॉक्स, पॅन, घरातल्या प्रत्येकाचे दहा पासपोर्ट फोटो, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, आधीच्या पत्त्याचं वीजबिल, वयस्कर माणसांचे दवाखान्याचे कागद. तहसील कचेरीत जाल तेव्हा सकाळी उघडताउघडता जा. दुपारी साहेब "मीटिंगला सातारला" गेलेले असण्याची शक्यता असते. ज्यांच्या टेबलाशी काम आहे त्यांचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या वेळी नावानिशी विचारा. काम खरंच लवकर होतं.

५. पाणी, वीज, इंटरनेट

पाणी वेळेवर येतं, पण वेळ आळीप्रमाणे वेगळी. ती शेजारी विचारून दाराला चिकटवून ठेवा. गच्चीवर टाकी आहे का, ती फक्त तुमच्यासाठी की चार बिऱ्हाडांत मिळून, हे भाडं ठरवतानाच विचारा.

वीज पावसाळ्यात आणि वळवाच्या वादळात जाते. महावितरणकडे तुमच्या ग्राहक क्रमांकाला मालकाचा नव्हे, तुमचा मोबाइल जोडून घ्या, म्हणजे देखभालीसाठी वीज जाणार असेल तर मेसेज तुम्हाला येईल. घरून काम करत असाल तर इन्व्हर्टर पहिल्याच महिन्यात घ्या. इंटरनेटला केबलवाल्याची फायबर लाइन घेतलीत तरी दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या. मी भाषांतराचं काम करते. एकदा मुदतीच्या दिवशी खोदकामात केबल तुटली, तेव्हा दुसऱ्या सिमनेच लाज राखली.

६. डॉक्टर आजारी पडण्याआधी गाठा

घरात वयस्कर माणूस असेल तर ही पायरी सामान उघडण्याच्या आधीची आहे. पहिल्या आठवड्यातच एका फॅमिली डॉक्टरकडे सगळ्यांनी जाऊन या, जुने कागद दाखवा, रात्री फोन घेतात का ते विचारा. तज्ज्ञ डॉक्टर बऱ्याचदा ठरलेल्या वारी बाहेरून येतात, ते वार लिहून ठेवा. सासूबाईंच्या हृदयाच्या दोन गोळ्या इथे नेहमी मिळत नव्हत्या. औषधाच्या दुकानदाराला सांगितलं तर तो साताऱ्याहून दुसऱ्या दिवशी आणून देतो, पण आधी सांगावं लागतं. पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्या.

गावात ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेला १०८. नदीकाठी, शेताजवळ राहत असाल तर सापाचं लक्षात ठेवा. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. कुणाला चावलाच तर झाडपाला, दोरी, मांत्रिक यात एक मिनिट घालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळण्याची शक्यता सर्वाधिक.

७. शाळा

इथे माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. मराठी, सेमी-इंग्रजी, इंग्रजी, तिन्ही माध्यमं आहेत, शिवाय पाचगणीच्या निवासी शाळा डोक्यावर आहेतच, पण त्यांचा खर्च वेगळा. आधीच्या शाळेचा दाखला वेळेत काढा, एप्रिलच्या शेवटी. मे महिन्यात शाळांची कार्यालयं बऱ्याचदा बंद असतात आणि जूनमध्ये तुम्ही दोन गावांच्या मध्ये अडकता.

८. येणं-जाणं

पुण्याला स्वारगेटहून वाईच्या एसटी आहेत. पण कोल्हापूर-सांगलीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या गावात येत नाहीत, त्या महामार्गावरून सरळ जातात. पुण्याकडून आलात तर सुरूर फाट्याला आणि साताऱ्याकडून आलात तर पाचवड फाट्याला उतरावं लागतं. दिवसा तिथून वाहन मिळतं. रात्री नऊनंतर मात्र कुणाला तरी न्यायला बोलवा. पहिल्या हिवाळ्यात सुरूर फाट्यावर रात्री साडेदहाला मी मुलीला घेऊन पाऊण तास उभी होते, तेव्हापासून शेवटची थेट एसटी चुकली तर मी पुण्यातच मुक्काम करते. रेल्वेला जवळचं स्टेशन वाठार, पुणे-मिरज मार्गावरचं.

शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांनी वाईचे रस्ते भरलेले असतात, जोडून सुट्ट्या आल्या तर खंबाटकी घाटापासूनच खोळंबा. या वेळांत दवाखाना सोडून कुठलंही काम काढू नका.

आणखी दोन दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर तिचा बंदोबस्त कडक असतो आणि वाहतूक वळवली जाते. आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड. ते मात्र बघायला जाच. होळी पौर्णिमेला देवाला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडाला टांगला जाणारा नवसाचा माणूस, ठरतो आणि कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलं ते अजस्र लाकडी बगाड भैरवनाथाच्या देवळापर्यंत ओढत नेतात. गाडी लांब लावा आणि चालत जा.

९. बाजार, भाजी, हंगाम

भाजीसाठी आठवडी बाजाराचा दिवस पाळा. आजूबाजूच्या गावांतल्या बायका स्वतःच्या शेतातलं घेऊन बसतात. भाव करा, पण रुपया-दोन रुपयांवरून ताणू नका. त्याच बाई पुढच्या वेळी तुमच्यासाठी कोवळी मेथी बाजूला काढून ठेवतात. पश्चिम भागातला इंद्रायणी तांदूळ दिवाळीनंतर वर्षाचा भरून ठेवा. हळद तर इथलीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कृष्णाकाठच्या गावांतून जाताना हळद शिजवल्याचा वास हवेत दाटलेला असतो. मातीचा, गोडसर, डोळ्यांत किंचित चुरचुरणारा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घ्या आणि गिरणीत समोर उभं राहून दळून आणा.

उधारीची वही कुठल्याही दुकानात उघडून मिळेल. पहिल्या वर्षी उघडू नका. आणि उघडलीत तर एक तारखेला मिटवा. पैसे थकवलेल्या नव्या माणसाची बातमी आळीत फार लवकर फिरते.

१०. माणसं

या पायरीला कागद लागत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त लागतो.

पहिले सहा महिने मला जड गेले, ते खरं सांगते. मी संध्याकाळी एकटी घाटावर फिरायला गेले की दुसऱ्या दिवशी सासूबाईंना भाजीवाली सांगायची, "सूनबाई काल घाटावर दिसल्या." कुणाकडे गेले, किती वाजता परतले, दारात कुणाची गाडी होती, सगळ्याची नोंद. मी दोनदा नवऱ्याला म्हटलं, परत जाऊ या. मग एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मुलगी रस्ता चुकून बाजारात गेली. इस्त्रीच्या दुकानातल्या काकांनी तिला ओळखलं, सायकलवर बसवून घरी आणून सोडलं, वर दारात उभं राहून मलाच दटावलं, "ताई, पोरीला फोन नंबर पाठ करून द्या." ज्या नजरांचा मला जाच होत होता त्यांनीच माझी मुलगी घरी आणली. तेव्हापासून मी त्या नजरांकडे वेगळ्या तऱ्हेने बघते. तरी बायकांना माझं सांगणं आहे की पहिल्या महिन्यांत घुसमट झाली तर स्वतःला दोष देऊ नका, आणि कुणाशी तरी बोला.

काही गोष्टी मात्र मुद्दाम करा.

शेजारी कुणी गेलं तर जा. ओळख नसली तरी. कुणी काही बोलायची अपेक्षा ठेवत नाही, नुसतं जाऊन बसायचं, दहाव्याला घाटावर उभं राहायचं. गृहप्रवेशाला आलेल्यांपेक्षा अशा वेळी आलेल्यांना लोक लक्षात ठेवतात.

वर्गणी मागायला आळीतली मुलं येतील. झेपेल ती द्या, पावती घ्या, आणि त्या कार्यक्रमाला जा. माघापासून कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव सुरू होतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला केलेल्या नवसातून ही परंपरा आली असं सांगतात. एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने येतो. मंडपात कृष्णाबाई बसते, कीर्तन, हळदीकुंकू आणि शेवटी प्रसादाच्या पंगती. आमच्या आळीचा उत्सव आला तेव्हा मी नुसतं बघायला गेले होते. एका मावशींनी हातात आमटीची बादली दिली, "धर, ह्या वळीला वाढ." मी वाढत गेले, चटका बसला, साडीवर आमटी सांडली. त्या पंगतीत जेवलेली माणसं पुढे मला नावाने हाक मारू लागली. तोवर मी "पुण्याच्या" होते.

प्लंबर, वायरमन, गवंडी "उद्या येतो" म्हणतील आणि येणार नाहीत. फोनवर चिडू नका. सकाळी आठच्या आत त्यांच्या घरी किंवा ते चहा घेतात तिथे जाऊन उभं राहा आणि सोबतच घेऊन या. काम झालं की पैसे लगेच द्या.

वाचणाऱ्यांसाठी हे गाव भाग्याचं आहे. मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चालत आलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच शिकले आणि राहिले. लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसलात की गावातली बोलकी, वाचणारी माणसं आपोआप भेटतात. माझ्या तीन चांगल्या मैत्रिणी तिथल्याच.

११. जागा विकत घेण्याची घाई करू नका

वर्ष होण्याआधीच कुणी तरी "स्वस्तात डोंगराकडचा एक प्लॉट" दाखवायला येईल. आम्हालाही दाखवला. धोमच्या रस्त्याला, समोर पाणी, मागे डोंगर. आम्ही पंचवीस हजार इसार दिला आणि मग वकिलाकडे गेलो. उलटं करायला हवं होतं. जमीन शेतीची निघाली, सातबारावर अकरा नावं, आणि आम्हाला मिळणार होता तो न मोजलेल्या सामायिक क्षेत्रातला "अंदाजे तीन गुंठे" हिस्सा. इसार परत मिळाला नाही.

कायदा थोडक्यात असा. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत आणि त्यांचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा त्या दिवशीचा नियम वकिलाकडून लेखी घ्या. "एनए होणार आहे" याचा अर्थ एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलं नाही. साठेखत, नोटरी केलेला कागद, कुलमुखत्यारपत्र यांतल्या कशानेही जमीन तुमच्या नावावर होत नाही.

सातबारा हातात आला की या तीन ठिकाणी नजर टाका. भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. देवस्थान इनामाची नोंद आहे का? वाईत देवळं खूप, तशा इनाम जमिनीही खूप. आणि "इतर हक्क" या रकान्यात काय लिहिलंय? बँकेचा बोजा, कुळाचं नाव, धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन असेल तर पुनर्वसनाचा शेरा, हे सगळं तिथे सापडतं. पसरणी घाटाच्या वर जागा बघत असाल तर महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाचे नियम तिथे फार कडक आहेत.

जुन्या गावात वाडा किंवा वाड्यातला भाग घेत असाल तर सातबारा नाही, मिळकत पत्रिका बघायची. तीवर कधी कधी वीस-पंचवीस वारस असतात, काही मुंबईला, काही परदेशात. एकाची सही राहिली तरी व्यवहार लटकतो.

वकिलाकडे नेण्याचे कागद: चालू सातबारा आणि जुने सातबारे, ८-अ चा उतारा, सगळे फेरफार, मोजणीचा नकाशा, एनए आदेश आणि मंजूर रेखांकन, किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, आणि फ्लॅट असेल तर बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र. दुय्यम निबंधकांकडे मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा. वकील तुमचा तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. इसार या सगळ्यानंतर, चेकने, पावती घेऊन. घर घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, शिवाय एक आधारही होतो.

आम्ही शेवटी दोन वर्षांनी नदीपासून लांब, उंचावर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. जिना सासूबाईंना चढवतो का हे आधी त्यांना चार वेळा नेऊन बघितलं. तुम्हीही जागा बघायला जाल ती ऑगस्टात जा, गमबूट घालून, भर पावसात. गाडी कुठवर जाते, ओढा कुठून फुटतो, वरच्या बांधाचं पाणी कुणाच्या जोत्याला लागतं, हे तेव्हाच दिसतं. आणि वाटेत एखादी आजी भेटली तर थांबून तिला विचारा, पाणी कुठवर आलं होतं.